टाकल्याची नोंद

ट्विला रॅटलिफच्या डाव्या मनगटाला रबरी वेटोळ्यात अडकवलेली एक चावी असायची. औषधांच्या कपाटाची. हात धुताना ती चावी कोपरापर्यंत सरकवायची, जेवताना ताटाबाहेर ठेवायची, आणि घरी जाताना पेटीत कुलूपबंद करून पेटीवर दोनदा थाप मारायची. एकोणीस वर्षं ही थाप चुकली नव्हती.

मिलर्स बेंड हे ओहायो नदीकाठचं गाव. काचेचा कारखाना बंद पडला, त्याच्यामागून गालिच्यांचं दुकान बंद पडलं, आणि त्या दुकानात डॉक्टर व्होगल यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचं केंद्र काढलं. सकाळी सातला माणूस यायचा, अकराला घरी जायचा. खाट नाही, मुक्काम नाही. इथे मोतीबिंदू काढण्यापेक्षा गाडी धुवायला जास्त वेळ लागतो, असं गावात म्हणायचे.

ट्विला तिथली मुख्य नर्स. वय एकोणसाठ, उंची बेताची, आवाज बेताचा नाही. तिचं एक वाक्य सगळ्या केंद्राला पाठ होतं : "दाखव. मग सही."

भुलीच्या सुईत उरलेलं वेदनाशामक सांडून टाकायचं असेल, तर नशेसाठी ते कुणी पळवू नये म्हणून एकीनं टाकायचं आणि दुसरीनं डोळ्यांनी बघून सही करायची, असा नियम आहे. सगळीकडे आहे. आणि सगळीकडे दुसरी बाई शेजारच्या खोलीतून "टाकलंस ना? दे इकडे," म्हणून सही ठोकते, हेही आहे. ट्विलाच्या हाताखाली हे चालायचं नाही. जॅनेल नावाची एक हुशार पोरगी होती, दोन मुलांची आई. तिनं एकदा हातात कॉफीचा पेला धरून, पाठमोरं उभं राहून सही केली. ट्विलानं ते वर कळवलं. जॅनेलची नोकरी गेली. आता ती हमरस्त्यावरच्या स्वस्त मालाच्या दुकानात गल्ल्यावर बसते, आणि ट्विला साबण घ्यायला गेली की दुसऱ्या रांगेत उभी राहते.

तर अशी ही बाई. आणि हीच बाई सहा वर्षं रोज खोटं लिहीत होती.

त्याचं असं झालं. शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात जंतुनाशक थेंब घालतात. त्यासाठी प्रत्येक रोग्याला नवी बाटली फोडायची. दोन थेंब लागतात, बाकी बाटली भरलेलीच. ती फेकून द्यायची. मग त्याच रोग्याला डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात : हेच थेंब, दिवसातून चार वेळा, दोन आठवडे. चिठ्ठी घेऊन माणूस औषधाच्या दुकानात जातो. दुकानदार एकशे बासष्ट डॉलर सांगतो. माणूस "उद्या येतो" म्हणतो आणि येत नाही.

असाच एक म्हातारा सहा वर्षांपूर्वी पाचव्या दिवशी सुजलेला डोळा घेऊन परत आला. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. ट्विलानं विचारलं, "थेंब घातले का?"

"घालत होतो की," तो म्हणाला. "पाण्याचे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या रोग्याची बाटली फेकायला तिनं हात उचलला, आणि तो हात डब्यापर्यंत गेलाच नाही. तिनं बाटलीवर पांढरी चिकटपट्टी लावली, पट्टीवर चार उभ्या रेघा काढल्या, कारण दिवसातून चार वेळा, आणि बाटली रोग्याच्या कोटाच्या खिशात सोडली. डॉक्टर व्होगल दारातून हे बघत होते. "मी काही पाहिलं नाही," असं म्हणून ते शीळ घालत निघून गेले.

आता नियम असा की दाराच्या आत डोळ्यात थेंब घातले तर तो वापर, आणि तीच बाटली हातात देऊन दाराबाहेर पाठवली तर ते वाटप. वापराचा परवाना केंद्राकडे होता, वाटपाचा नव्हता. ट्विलाला हे ठाऊक होतं. वहीत दर बाटलीपुढे रकाना होता : उरलेल्याचं काय केलं? त्यात एकच उत्तर चालायचं. ट्विला सुवाच्य अक्षरात लिहायची, "टाकली." खाली सही. पुढची बाटली, "टाकली." सही. "दिली" असं लिहायला रकाना कुणी ठेवलाच नव्हता. हे कारण तिला पुरेसं वाटायचं. सहा वर्षं पुरलं.

त्या वर्षी मार्चमध्ये थेंबांचा तुटवडा पडला. नेहमीचा घाऊक विक्रेता हात वर करून मोकळा झाला. दुसऱ्या राज्यातल्या कुणा विक्रेत्याचा डॉक्टरांना फोन आला : माल तयार आहे, चाळीस बाटल्या, लगेच पाठवतो.

"त्याचा परवान्याचा कागद?" ट्विलानं विचारलं.

"येतोय. मेल करतो म्हणालाय."

"मग कागद आला की कपाट उघडीन."

"ट्विला, बाहेर अकरा माणसं शस्त्रक्रियेच्या डोळ्यावर खूण करून बसलीत."

"बसू देत. बसायला खुर्च्या आहेत."

कागद दुसऱ्या दिवशी आला. शिक्का होता, सही होती, क्रमांक होता. ट्विलानं तो भिंगाखाली धरावा तसा वाचला आणि कपाट उघडलं. पाच आठवड्यांत एकतीस बाटल्या उघडल्या, नऊ उरल्या.

एप्रिलच्या शेवटी, एका मंगळवारी दुपारी, राज्याच्या औषध मंडळाचा निरीक्षक आला. लेनर्ड स्पर्लॉक. उंच, वाकलेला, बुटांना चिखल. पूर्वी स्वतःच औषधाचं दुकान चालवायचा. मोठ्या साखळीची दुकानं आल्यावर ते बंद पडलं, आणि मग तो इतरांची कपाटं तपासू लागला. चहा नको, कॉफी नको, पाणी चालेल म्हणाला.

"तुमच्याकडे या क्रमांकाची खेप आली होती का, मॅडम?" त्यानं चिठ्ठी पुढे केली.

"आली होती."

"तो विक्रेता बनावट निघालाय. कागद दुसऱ्याच कुणाच्या परवान्याचा होता. माल कुठे भरला देव जाणे. तपासलेल्या बाटल्यांपैकी काहींत जंतू सापडले. ताजी असेपर्यंत एखादी निभावते, पण उघडून घरात ठेवली की दोनेक आठवड्यांत आत शेवाळ धरल्यासारखं होतं. आणि ते शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात घालायचं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको."

ट्विलानं खुर्चीचा हात धरला. पण चेहरा तिच्या सवयीचा होता, हलला नाही.

स्पर्लॉकनं नऊ बाटल्या मोजून पिशवीत भरल्या. मग वही मागितली. बोट एकेका ओळीवरून खाली गेलं. टाकली. टाकली. टाकली. एकतीसदा. तो मान वर करून पहिल्यांदा हसला.

"या महिन्यात तेरा केंद्रं बघितली, मॅडम. अशी वही एकही नाही. एक सांगतो बाटल्या आठवत नाहीत, दुसरा सांगतो वही भिजली. तुमच्याकडे सगळ्या उघडल्या तिथेच टाकल्या. म्हणजे घरी एकही गेली नाही. बरं झालं. आता जाहीर सूचना काढायचीही गरज नाही." त्यानं टोपी घातली. "उद्या सकाळी नऊला येतो. एकतीसच्या एकतीस केंद्रातच टाकल्या, एवढं छापील कागदावर लिहून तुमची सही घेतो, की इथलं माझं काम संपलं."

तो गेला. दार लागताच डॉक्टर आतल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"किती दिल्यास?"

"सव्वीस. पाच जणांना विमा होता, त्यांच्या टाकल्या."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "हे बघ. यादी आहे आपल्याकडे. आत्ता फोन कर. सांग, थेंब बदललेत, जुनी बाटली फेका, नवी न्या. मी पदरचे घेऊन देतो. संध्याकाळपर्यंत सव्वीसच्या सव्वीस कचऱ्यात. मग उद्या तू जी सही करशील ती खोटी कशी? टाकल्याच ना शेवटी?"

"आणि नाही केली तर?"

"तर तुझा परवाना जाईल. चौतीस वर्षांचा. माझं केंद्र महिनाभर बंद राहील, ते मी सोसेन. तू काय करशील? जॅनेलच्या शेजारी गल्ल्यावर बसशील?"

ट्विलाचा नवरा पाठीच्या दुखण्यानं नऊ वर्षं घरीच होता. त्याच्या औषधांचा विमा हिच्या नोकरीवर. हे डॉक्टर बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

दुपारी दोनला ती फोनपाशी बसली. साडेचारपर्यंत वीस जण झाले. कुणी विचारलं नाही का म्हणून. ट्विला सांगतेय म्हणजे फेकायची, एवढं गावाला पुरे होतं. दोघांच्या तर बाटल्या कधीच संपल्या होत्या, डोळे ठणठणीत होते. एक बाई लेकाकडे फ्लॉरिडाला गेली होती, तिनं तिकडेच फेकली. एक म्हातारा गेल्याच आठवड्यात वारला होता, हृदयानं. त्याच्या सुनेनं कपाटातली बाटली शोधून नळाखाली ओतली आणि वर ट्विलाचे आभार मानले.

एकविसावा फोन एफी कास्टोचा. वय अठ्ठ्याहत्तर, एक डोळा झालेला, दुसरा व्हायचा.

"मिस एफी, मी ट्विला. तुमची थेंबांची बाटली..."

"अगं पोरी, बरी आठवण केलीस! तुझ्यासाठी सफरचंदाचा मुरंबा ठेवलाय, कधीचा. डोळा म्हणशील तर बघ, समोरच्या मेरी-बेथच्या दोरीवर कुणाच्या चड्ड्या वाळतायत ते ओळखता येतं मला. नवऱ्याच्या नाहीत, एवढं सांगते."

"मिस एफी, बाटली कुठाय?"

"कुठली?"

"मी दिलेली. चार रेघांची."

"ती होय! मला दहा दिवसांत बरं वाटलं. मग कशाला वाया घालवायची? चर्चमध्ये ठेवली."

"चर्चमध्ये?"

"तळघरातल्या कपाटात. तूच दिलीस ना फुकट, मग मीही फुकट दिली. आमच्या बाकावर बसणाऱ्या दोघींनाही सांगितलं, तुमची उरली असेल तर तिथेच ठेवा म्हणून."

चर्चच्या तळघरातलं कपाट सगळ्या मिलर्स बेंडला माहीत होतं. कुबड्या, चष्मे, लहान मुलांचे कोट, डबाबंद घेवडा, अर्धवट संपलेली खोकल्याची औषधं. ज्याला नको ते ठेवायचं, ज्याला हवं ते न्यायचं, नाव विचारायचं नाही. विचारायचं नाही, हाच त्या कपाटाचा मान. या गावात चांगली वस्तू कुणी टाकत नाही. फेकायला बंदी करणारा कायदा इथे कुणी केलेला नाही, तरी तो सगळे पाळतात.

उरलेल्या पाच फोनांत तिघांनी बाटल्या फेकल्या; एफीच्या बाकावरच्या त्या दोघींनी मात्र खरोखरच चर्चमध्ये ठेवल्या होत्या. पाच वाजता ट्विला तळघरात उतरली. खालच्या फळीवर कुबड्या होत्या. मधल्या फळीवर कोट. वरच्या फळीवर पत्र्याचा डबा, त्यात कानाचं औषध, मलम, गोळ्यांच्या पट्ट्या. थेंबांची बाटली एकही नव्हती. तिनं डबा उलटा केला. कोटांचे खिसे तपासले. स्वयंपाकघरात बुधवारच्या जेवणासाठी घेवडा भिजत घालणारी बाई म्हणाली, "काय हरवलं?"

"डोळ्याचे थेंब इथून कुणी नेले?"

"ते कोण बघतं बाई!"

तीन बाटल्या. कुणाच्या तरी उशाशी, कुणाच्या तरी न्हाणीघरात. पट्टीवर चार रेघा. ना नाव, ना तारीख, ना डॉक्टर, ना फोन. ट्विलानं आयुष्यात पहिल्यांदा त्या रेघांकडे दुसऱ्याच्या बाजूनं बघितलं. त्यांचा अर्थ तिच्याशिवाय आणि तिच्या रोग्याशिवाय कुणालाच कळण्यासारखा नव्हता.

येताना ती स्वस्त मालाच्या दुकानाशी थांबली. काही घ्यायचं नव्हतं. तरी साबण घेतला. या वेळी ती जॅनेलच्याच रांगेत उभी राहिली.

जॅनेलनं साबण यंत्रापुढे धरला. "पिशवी?"

"नको. जॅनेल, तुला एक विचारायचं होतं. तू सही केलीस तेव्हा मनात काय होतं?"

जॅनेलनं तिच्याकडे बघितलं. मागे एक बाई मांजराचं खाणं घेऊन उभी होती. "काय असणार? समोरची चांगली मुलगी आहे, टाकलंच असणार. बास."

"तू बघितलं नव्हतंस."

"नव्हतं. पण तिनं टाकलं होतं, ट्विला. खरंच टाकलं होतं. मी न बघता खरं लिहिलं आणि घरी गेले." तिनं पावती फाडून पुढे केली. "पुढचे या."

ट्विला गाडीत जाऊन बसली. आपण बघून, आपल्या हातानं देऊन खोटं लिहिलं, हे जॅनेलला माहीत नव्हतं. तरी वार बरोबर बसला होता.

बुधवारी सकाळी पावणेनऊला डॉक्टरांनी तिच्या पुढ्यात कागद ठेवला. छापील मजकूर, खाली रेघ.

"झाले सगळे?"

"तेवीस झाल्या. तीन नाहीत."

"तीन! अगं, तीन म्हणजे काय..."

"तीन म्हणजे तीन माणसं, डॉक्टर. सहा डोळे."

"मग असं करू. मी लिहून देतो, मीच तुला तोंडी सांगितलं होतं म्हणून. डॉक्टरनं सांगितलं होतं म्हटलं की गुन्हा जरा हलका होतो. तू फक्त साक्षीची सही कर."

"कशाची साक्ष? तुम्ही त्या दिवशी काय म्हणालात, ते माझ्या चांगलं लक्षात आहे. 'मी काही पाहिलं नाही.' तेच लिहा. त्यावर करते मी सही."

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. सोयीचा माणूस होता, आणि असे लोक वाईटांपेक्षा जास्त भेटतात. त्यांनी कागद उचलला, पुन्हा ठेवला, आणि आत गेले.

नऊला स्पर्लॉक आला. आज बूट पुसलेले होते. त्यानं खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरलं.

ट्विलानं पेन घेतलं. वही ओढली. पहिल्या ओळीवर "टाकली" हा शब्द आडवी रेघ मारून खोडला, वर लिहिलं, "दिली", शेजारी तारीख, सही. दुसरी ओळ. "दिली." सही. सव्वीसदा. खोडायचं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हा नियम तिनंच सगळ्यांना शिकवलेला. स्पर्लॉक उभ्याउभ्या बघत होता. दहाव्या ओळीपाशी तो खाली बसला.

"तेवीस नष्ट झाल्यात. तीन चर्चच्या कपाटातून गेल्यात. कुणी नेल्या ठाऊक नाही," ती म्हणाली. "आता तुमची ती जाहीर सूचना काढा."

"किती वर्षं चाललंय हे?"

"सहा."

"काल सांगितलं असतंत, तर एक दिवस वाचला असता."

"काल मी घाबरले होते."

त्यानं वही मिटली. मग म्हणाला, "मॅडम, एक सांगू? वाटपाचा परवाना मागायला एक अर्ज लागतो. चार पानी. मग बाटलीवर नाव, तारीख, डॉक्टर आणि कसं घ्यायचं, एवढं छापून डॉक्टरनं स्वतः रोग्याच्या हातात दिली की झालं. कायदेशीर. सहा वर्षांत कधीही करता आलं असतं."

ट्विलाला हे ठाऊक नव्हतं. तिनं कधी विचारलं नव्हतं आणि तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. नियमांची पानं हजार, आणि गरिबाच्या कामाचं पान नेमकं शेवटून तिसरं.

गुरुवारी रेडिओवर सूचना झाली, शुक्रवारी हायस्कूलच्या फुटबॉल मैदानाच्या पाटीवरसुद्धा लागली : चार रेघांची पट्टी असलेली बाटली वापरू नका. दोन बाटल्या परत आल्या. तिसरी आली नाही. नदीपलीकडच्या एका शेतमजुराचा डोळा लाल झाला होता, तो इस्पितळात जाऊन बरा झाला. आपण कपाटातून काही नेलं नव्हतं, असं तो म्हणाला. ते खरं होतं की लाज होती, कुणालाही सांगता आलं नाही.

ऑगस्टमध्ये राज्याच्या राजधानीत, नर्सच्या परवान्यांच्या मंडळापुढे ट्विलाची सुनावणी झाली. टेबलामागे पाच जण. त्यांतल्या एकीनं विचारलं, "पुन्हा असं कराल का?"

"खोटं लिहिणार नाही," ट्विला म्हणाली.

"मी देण्याबद्दल विचारतेय."

"तेही नाही. पट्टीवर नाव नसेल तर नाही."

परवाना गेला नाही. त्यावर वर्षभराची अट बसली : औषधाच्या कपाटाची चावी हातात घ्यायची नाही. मनगटावरचं वेटोळं तिनं स्वतः उतरवून दिलं. तिथे कातडीवर पांढरा पट्टा राहिला. आता ती रक्तदाब मोजते आणि रोग्यांना खुर्चीपर्यंत धरून नेते. अर्जाची चार पानं तिनं स्वतः भरली. दर सोमवारी ती डॉक्टरांच्या टेबलावर मधोमध ठेवते. डॉक्टर म्हणतात, "बघतो, जरा सवड होऊ दे." दर शुक्रवारी ती पानं खिडकीत, कुंडीखाली सापडतात.

ऑक्टोबरात एफी कास्टो दुसऱ्या डोळ्यासाठी आली, मुरंब्याची बरणी घेऊन. शस्त्रक्रिया नीट झाली. नव्या नर्सनं उरलेली बाटली उचलली आणि डब्याकडे वळली. ट्विलाला चावी धरायला मनाई होती, बघायला नव्हती.

"थांब," ती म्हणाली. "दाखव."

नर्सनं बाटली उजेडात धरली.

खुर्चीत बसलेल्या एफीनं उघडा डोळा बारीक केला. "अगं पोरी, भरलेली आहे ती! काठोकाठ!"

"हो, मिस एफी."

"मग टाकतेस कशाला?"

बाटली डब्यात पडली. आधीच्या दोन बाटल्यांवर आपटल्याचा आवाज आला. ट्विलानं वही घेतली, सुनावणीनंतर नव्यानं आखलेल्या साक्षीच्या रकान्यात सही केली आणि एफीच्या कोटाची बटणं लावायला वाकली. कोटाच्या खिशात काही नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी होती.